दोघींची खात्री

रीळ पांढरं नव्हतं. गणवेशाची उसवलेली किनार निम्मी टाचून झाल्यावर हे धाकटीच्या ध्यानात आलं. खिडकीतलं ऊन सरकत सरकत तिच्या मांडीवर आलं आणि पांढऱ्याशुभ्र कापडावर सायीच्या रंगाचे टाके उघडे पडले. तसं पाहिलं तर ही काही रडायची गोष्ट नव्हती. दुकानदाराच्या नावानं बोटं मोडावीत, टाके उसवावेत, संध्याकाळी रीळ बदलून आणावं, मामला खलास. पण तिचा सुईचा हात तसाच अधांतरी राहिला, कारण हे रीळ पांढरं असल्याचं तिनं सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दुकानात गर्दी होती, मागची बाई कोपरानं ढोसत होती, आणि दुकानदारानं रीळ उंच धरून विचारलं होतं, "हेच ना, ताई?" "हेच, हेच," ती म्हणाली होती. आत्ताही डोळे मिटले की तिला ते लख्ख दिसत होतं : त्याचा जाडजूड अंगठा, आणि अंगठ्याशेजारी पांढरं रीळ. डोळे उघडले की हातात सायीच्या रंगाचं. त्यानं मुद्दाम बदललं म्हणावं तर त्याला काय पडलं होतं? म्हणजे तिनं बघितलंच नव्हतं. न बघता हेच म्हणून मोकळी झाली होती, आणि बघितल्याची आठवण डोक्यानं मागाहून परस्पर तयार करून ठेवली होती, चांगली अंगठ्यासकट.

पलंगावर मावशी झोपली होती. सुट्टीच्या दिवशी दुपारी मावशी झोपायची ती अगदी शिस्तीत, पाय जुळवून, उताणी, हात पोटावर. आयुष्यभर दुसऱ्यांची अंथरुणं नीट करणाऱ्या बाईनं स्वतःच्या अंथरुणातही घडी मोडलेली नव्हती. उद्या सकाळी दोघींना समितीपुढे जायचं होतं. हॉस्पिटलात कुणी ध्यानीमनी नसताना दगावलं की अशी समिती बसते, एक मोठे डॉक्टर, एक मेट्रनबाई, एक ऑफिसातले गृहस्थ. "त्यात काय घाबरायचं?" मावशी म्हणाली होती. "विचारतील, सांगायचं. मी ॲम्पूलवरचं नाव मोठ्यानं वाचलं, तुला दाखवलं, तू बघितलंस आणि बरोबर म्हणालीस. जे झालं तेच तर सांगायचंय." हे वाक्य धाकटीनं इतक्यांदा मनात घोळवलं होतं की ते तिला पाठ झालं होतं. त्याच्या जोडीला चित्रही होतं : मावशीची दोन बोटं, त्यात औषधाची इवलीशी प्लास्टिकची कुपी, म्हणजे ॲम्पूल, तिच्यावरची निळी अक्षरं. सलाइन. साधं मिठाचं पाणी. हे चित्र अगदी स्वच्छ होतं, आणि आता नेमकी त्याच्या स्वच्छपणाचीच तिला भीती वाटायला लागली.

गेलेला माणूस घड्याळं दुरुस्त करणारा होता. वॉर्डात त्याला सगळे घड्याळवाले काकाच म्हणत. हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, टाके कोरडे, दुसऱ्या दिवशी घरी जायचा. भयंकर बोलका. नर्सच्या छातीवर टाचलेलं उलटं घड्याळ दिसलं की त्याच्या जिवाला चैन पडायचं नाही. "सिस्टर, तुमचं मागे पडतंय. काढून द्या, बघतो." धाकटी म्हणायची, "काका, तुम्ही इथे दुरुस्त व्हायला आलाय, करायला नाही." त्यावर तो टाक्यांवर हात दाबून हसायचा, कारण हसलं की दुखायचं. त्याची मुलगी रोज संध्याकाळी ऑफिसातून परस्पर यायची आणि बापाचं बोलणं ऐकता ऐकता पलंगाच्या कठड्यावर डोकं टेकून झोपून जायची. तो मग तिला उठवायचा नाही. भेटायची वेळ संपली तरी नर्सना हातानंच थांबा, थांबा अशी खूण करत राहायचा, आणि धाकटी काही दिसलं नाही असं दाखवून पुढे जायची.

त्या सकाळी त्याला शेवटचं इंजेक्शन होतं. ते शिरेतल्या नळीतून दिलं की मागोमाग सलाइननं नळी धुवायची, म्हणजे ती चोंदत नाही. दिवसातून वीस वेळा करायचं काम, भांडी विसळण्याइतकं साधं. पण मावशीच्या वॉर्डात मावशीचा कायदा होता. शिरेत जाणारी गोष्ट, मग ती साधं पाणी का असेना, दोघींनी बघायची. एकीनं वाचायचं, दाखवायचं, दुसरीनं बघून बरोबर म्हणायचं. इतर वॉर्डांत याची टर उडवत. पण इतक्या वर्षांत थोरलीच्या हातून चूक झाली नव्हती हेही तेच लोक कबूल करत. दोघी एकाच घरातून येत म्हणून हॉस्पिटलनं एकीला थोरली सिस्टर केलं होतं, दुसरीला धाकटी. त्या सकाळी धाकटी पलीकडच्या पलंगावरच्या आजोबांना कुशीवर वळवत होती. एक हात त्यांच्या पाठीखाली, दुसऱ्या हातात चादरीचं टोक. मागून मावशीचा आवाज आला, "सलाइन." आणि धाकटी म्हणाली, "बरोबर." तिची मान वळली होती का? आठवणीत वळली होती. आठवणीत तर निळी अक्षरंसुद्धा होती. पण हात आजोबांच्या पाठीखाली अडकलेला असताना मान इतकी मागे वळते का? तिनं सुई खाली ठेवली, उजवा हात पुढे केला, डावा आडवा धरला आणि भर दुपारी, झोपलेल्या मावशीच्या देखत, नसलेल्या माणसाला नसलेल्या पलंगावर वळवून पाहिलं. मान खांद्यापर्यंत गेली. त्यापुढे नुसती भिंत दिसत होती.

घड्याळवाल्यानं "आई गं" म्हणून डावा हात धरला होता. बाकी काही बोलायला त्याला वेळच मिळाला नाही. धावपळ झाली, पडदा ओढला गेला, डॉक्टर आले, छाती दाबून झाली, सगळं झालं. आधी हात दुखला का, डॉक्टरांनी विचारलं. हो, डावा हात धरला होता, मावशीनं सांगितलं. मग काय, हृदयाचाच झटका, डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर होतं असं कधी कधी. सगळ्यांनी माना हलवल्या. पण नळीही डाव्याच हाताला होती, आणि त्यानं हात धरला तो खांद्याशी नाही, दंडाशी नाही, मनगटाच्या वर, चिकटपट्टी लावली होती तिथे. हे धाकटीनं खरोखर पाहिलं होतं, कारण तोवर ती धावत येऊन पोचली होती. सलाइन शिरेत गेलं तर गार लागतं. पोटॅशियम गेलं तर जाळत जातं. पोटॅशियम बाटलीभर पाण्यात मिसळून थेंबाथेंबानं दिलं तर औषध. तसंच्या तसं शिरेत सोडलं तर काळीज जागच्या जागी थांबतं. म्हणून ते वेगळ्या कपाटात, कुलपात असतं. पण ज्या कंपनीच्या ॲम्पूल त्या महिन्यात आल्या होत्या त्या दिसायला सलाइनच्या सख्ख्या बहिणी होत्या, तेवढाच आकार, तसंच पारदर्शक प्लास्टिक, अक्षरं निळ्याच्या जागी जांभळी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉलीचा खण लावताना धाकटीला सलाइनच्या ॲम्पूलमध्ये एक जांभळ्या अक्षरांची सापडली होती. एकच. इकडेतिकडे बघून तिनं ती कपाटात तिच्या जागी नेऊन ठेवली. चुकून आलेली ही एकच असणार, ती इथेच शिल्लक आहे, म्हणजे काकांना गेली ती सलाइनच, असा हिशोब तिनं मनाशी मांडला आणि तो तिला पटलाही. माणसाला पटवून घ्यायचं असलं की काय पटत नाही? एक आली तर दोन आल्या असतील, हा विचार दारातच उभा होता, पण तिनं त्याला आत घेतलं नव्हतं.

ती सगळी धावपळ संपली त्या दिवशी मावशी घरी आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. अशी ती कधी बसत नसे. बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "तू बघितलं होतंस ना गं?" "हो मावशी." "नीट?" "हो." मावशीचा जीव भांड्यात पडला. तो पडलेला दिसला, खांदे खाली आले, चेहरा सैल झाला. "मग त्याची वेळच भरली होती बिचाऱ्याची," ती म्हणाली, उठली, चपला जागेवर ठेवल्या, जेवली आणि झोपली. धाकटीच्या आता लक्षात येत होतं की मावशीची झोप तिच्या त्या एका होकारावर उभी होती. आणि गंमत अशी, हसू येऊ नये तिथे येणारं हसू तिला आलं, की तिचा होकार मावशीवर उभा होता. मावशी म्हणते सलाइन, म्हणजे सलाइन. मावशी म्हणे धाकटीनं बघितलं, धाकटी म्हणे मावशीनं वाचलं, आणि दोघींच्या खात्रीच्या मधून एक माणूस सरळ निघून गेला.

मावशीवर भरवसा ठेवू नये तर कुणावर ठेवावा? आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. शेवटचे महिने मावशीनंच काढले. हॉस्पिटलातून यायची, साडीचा पदर खोचायची आणि बहिणीचं सगळं करायची, तोंडातून ब्र न काढता. एकदा तिनं पोरीला हाक मारली, आईची मान एका हातानं कशी उचलायची आणि दुसऱ्या हातानं पाणी कसं पाजायचं ते दाखवलं. "घाबरू नकोस. हाताला काम दिलं की भीती बसते खाली." ते खरं निघालं. त्या एका वाक्यावर धाकटी नर्स झाली असं म्हणायला हरकत नाही. कॉलेजात शरीरशास्त्रात नापास झाली तेव्हा मावशीनं स्वयंपाकघरात ओट्याशी उभं करून तिच्याकडून हाडांची नावं वदवून घेतली. अजूनही लाटणं दिसलं की धाकटीला मांडीचं हाड आठवतं. पास झाली, रजिस्ट्रेशन झालं, नंबर मिळाला. मावशीनं आपल्या हातानं तिच्या छातीवर त्या नंबरचा बॅज टाचला आणि डोळे पुसायचे सोडून म्हणाली, "वाकडा बसलाय." हा नंबर गेला तर धाकटीकडे दुसरं काही नव्हतं. ना दुसरं शिक्षण, ना दुसरी हौस. उद्या खरं सांगितलं तर तो जाऊ शकत होता. आणि नाही सांगितलं, तर तो राहणार होता, तिच्या छातीवर, रोज.

मग बघणं सुटलं कधी? हा धागा तिनं ओढून पाहिला. सुरुवातीला ती बघत होती, डोळ्यांत तेल घालून बघत होती. ॲम्पूल उजेडात धरायची, नाव वाचायची, तारीख वाचायची. एके दिवशी वॉर्ड भरलेला, मावशी हात पुढे करून उभी, आणि धाकटीचं वाचन संपेना. "अगं, हिरा पारखायला बसलीयेस का?" मावशी म्हणाली. सगळा वॉर्ड हसला, पेशंटसुद्धा. धाकटीही हसली. कान मात्र तापले होते. त्यानंतर ती भराभर बघू लागली. मग नुसती नजर टाकू लागली. मग आवाजाच्या दिशेनं मान वळवली की पुरे झालं. कुठल्या दिवशी मानही वळायची थांबली ते काही कळलं नाही. मावशीला तो विनोद आता आठवतही नसेल. त्याचा राग यावा असंही त्यात काही नव्हतं, आणि तरी या क्षणी तिला मावशीचा राग आला, झोपलेल्या, पाय जुळवलेल्या, निर्धास्त मावशीचा. आपण एकटीनंच का जागं राहायचं असं तिला वाटलं. पुढं तिनं जे केलं ते खरेपणापोटी केलं असं ती स्वतःला सांगत राहिली. पण त्यात हा रागही होता, हे तिला तेव्हाच ठाऊक होतं.

मावशी उठली, तोंड धुऊन आली, चहा टाकला. कप हातात घेऊन शिवणाकडे बघत म्हणाली, "हे काय? दोरा पिवळट वाटतोय."

"मावशी, मी बघितलं नव्हतं."

"दिसतंच आहे. बदलून आण."

"दोऱ्याचं नाही म्हणत. त्या दिवशीचं. काकांची ॲम्पूल. तू वाचलंस आणि मी बरोबर म्हटलं. पण मी वळले नव्हते. आजोबांना धरलं होतं ना."

मावशीनं कप खाली ठेवला. बशीत ठेवायचा तो टेबलावर ठेवला. "तू म्हणाली होतीस बघितलं."

"मला वाटत होतं तसं. अगदी खरं वाटत होतं."

"नीट, म्हणून विचारलं होतं मी."

"हो."

मावशीची नजर हळूहळू आपल्या उजव्या हाताकडे गेली. अंगठा आणि पहिलं बोट तिनं जवळ आणलं, मध्ये काहीतरी धरल्यासारखं, आणि त्या मोकळ्या जागेत डोळे बारीक करून पाहू लागली. धाकटीला ते बघवेना. "मी काय वाचलं असेन गं?" मावशी म्हणाली. "वाचलं असेन ना? का हात घातला आणि सलाइन म्हटलं? त्या खणात तर सलाइनच असतं. असतं ना? दुसरं काही मिसळलं होतं का? खण दुसऱ्या दिवशी तूच लावलास."

इथे धाकटीला सगळं सांगून टाकता आलं असतं. त्यासाठीच तर तोंड उघडलं होतं. पण मावशीचे ओठ कोरडे पडले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती म्हातारी दिसत होती. "नाही मावशी," धाकटी म्हणाली. "सगळी सलाइनच होती."

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. हे बघणं फार वेळ चाललं. एरवी या उत्तरानं तिचे खांदे खाली आले असते. ते आले नाहीत.

"उद्या मी त्यांना सांगणार आहे, मी बघितलं नव्हतं म्हणून," धाकटी म्हणाली.

"सांग," मावशी म्हणाली आणि चहा न पिता कप विसळायला उठली.

समितीची खोली म्हणजे ऑफिसच्या मागची एक अडगळ होती, भिंतीला मोडक्या खुर्च्या लावलेल्या. मोठे डॉक्टर घाईत होते. त्यांनी कागद चाळले, वय विचारलं, आधी छातीत दुखल्याची तक्रार होती का विचारलं. ऑफिसातले गृहस्थ खिडकीतून गाड्या लावायच्या जागेकडे बघत होते. "इंजेक्शन, सलाइन, सगळं तपासून दिलं होतं ना?" डॉक्टरांनी मावशीला विचारलं. आयुष्यात खोटं न बोललेली मावशी सरळ उभी होती, हात समोर बांधून. "आमच्या वॉर्डात दोघी तपासतात, सर," ती म्हणाली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. "ते तर सगळ्या हॉस्पिटलला माहीत आहे," मेट्रनबाई कौतुकानं म्हणाल्या. डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. धाकटीला कुणी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. जिभेवर वाक्य तयार होतं, ओठही उघडले होते. पण ते उठले, खुर्च्या सरकल्या, मेट्रनबाईंनी जाता जाता तिचा खांदा थोपटला, आणि ओठ पुन्हा मिटले. हे इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. बाहेर बोळात घड्याळवाल्याची मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिला आत बोलावलेलं नव्हतं. "काय म्हणाले?" तिनं विचारलं. "झटकाच होता," धाकटी म्हणाली. मुलीनं मान हलवली, आणि धाकटीचा हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही दोघींनी फार केलंत बाबांचं." मावशी तोवर पुढे निघून गेली होती. जिन्यात गाठल्यावर ती मागे न बघता एवढंच म्हणाली, "मला कशाला सांगितलंस मग?" धाकटीचा नंबर शाबूत होता. मावशीचं नाव शाबूत होतं. पुढच्या वर्षी निवृत्तीच्या वेळी भाषणं होतील आणि त्यांतही हेच म्हणतील, थोरलीच्या हातून कधी चूक झाली नाही.

वॉर्ड तसाच होता. काकांच्या खिडकीजवळच्या पलंगावर आता पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली एक बाई होती, तोंडाळ, उशीवरून कटकट करणारी. सकाळच्या फेरीत मावशीनं तिचं इंजेक्शन दिलं, ट्रॉलीच्या खणातून ॲम्पूल काढली आणि वाचली. मग पुन्हा वाचली. मग खिडकीकडे तोंड करून उजेडात धरली. धाकटी या वेळी आपणहून समोर येऊन उभी राहिली, मोकळ्या हातांनी. मावशीनं ॲम्पूल पुढे केली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "सलाइन."

धाकटीनं बघितलं. अगदी जवळून, अक्षर न् अक्षर. अक्षरं निळी होती. तिनं तारीख बघितली, तळाशी दाबून उमटवलेला बारीक आकडा बघितला. इतकं नीट तिनं आयुष्यात काही बघितलं नव्हतं.

"बरोबर," ती म्हणाली. "मावशी, सलाइनच आहे. बघितलं मी."

मावशीनं मान हलवली. पण ॲम्पूलचं तोंड तिनं मोडलं नाही. ॲम्पूल धरलेला हात तिनं पोटाशी घेतला. "द्या की हो सिस्टर," पलंगावरची बाई म्हणाली, "हात अवघडला माझा." मावशी तिच्याकडे बघून हसली, पेशंटकडे बघून हसायचं ते तिचं नेहमीचं हसू. मग धाकटीच्या खांद्यावरून तिनं पलीकडे पाहिलं, वॉर्डाच्या टोकाला, जिथे दुसरी एक नर्स पडदे सारत होती.

"अगं, जरा इकडे ये," मावशीनं तिला हाक मारली. "हे कुणीतरी बघायला हवंय."